भिडूला एकेरी पान कसे सांगाल?

प्रश्न : ब्रिजमध्ये भिडूने 'एक बदाम' बोलून सुरुवात केली. माझ्याकडे चार बदाम, पण किलवरचे एकच पान. सरळ 'चार बदाम' म्हणावे का? – एक वाचक, बेंबळी (जि. धाराशिव)

उत्तर : नको. तुमच्याकडे इस्पिक एक्का-8-5-3, बदाम राजा-राणी-7-4, चौकट राजा-9-6-3 आणि किलवरची पंजी आहे, असे धरू. म्हणजे 12 गुण. इथे 'चार किलवर' बोला. 'दोन किलवर' ही साधी बोली, 'तीन' ही एक उडी, 'चार' म्हणजे दुहेरी उडी. तिचा अर्थ : बदामाला चार पानांचा पाठिंबा, गेमपुरती ताकद आणि किलवरचे जास्तीत जास्त एक पान. हिला स्प्लिंटर म्हणतात. ती रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेच्या डोरोथी हेडन ट्रस्कॉट यांना देतात.

पुढचा हिशेब भिडूचा. त्याच्याकडे किलवर 8-6-3 असेल, तर एक हात देऊन उरलेली किलवर तुमच्या हुकमांनी मारता येतात, आणि त्याचे सगळे गुण इतर रंगांत कामी येतात. त्याने स्लॅमचा विचार करावा. उलट किलवर राजा-राणी-6 असेल, तर ते पाच गुण बहुतेक वाया. त्याने 'चार बदाम' म्हणून थांबावे. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही!

एकेरी पान एक्का असेल, तर मी ही बोली टाळतो. भिडू त्याला छोटे पान समजून चुकीचा हिशेब करतो. आणि हो, भिडूशी आधी ठरवल्याशिवाय ही बोली वापरू नका. तो खरेच किलवर आहेत समजून पास म्हणेल.