पबमध्ये कुणी विचारायलाच आलं नाही

प्रश्न : मुलाला भेटायला लीड्सला गेलो होतो. भर बाजारातल्या एका स्वस्त साखळी पबमध्ये आम्ही बराच वेळ ताटकळलो, पण ऑर्डर घ्यायला कुणी फिरकलंच नाही. मुद्दाम दुर्लक्ष केलं असेल का?

उत्तर : तसं मनात आणू नका. ब्रिटिश पबमध्ये सहसा वेटर टेबलाशी येत नाही. आपण काउंटरवर जाऊन मागायचं, पैसे तिथेच द्यायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा क्रमांक आधी बघून ठेवा. काउंटरवर रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं याचं भान सगळे ठेवतात. कर्मचाऱ्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं, तर शेजाऱ्याकडे बोट दाखवावं. ही रीत मला फार आवडते. टिम मार्टिन यांनी १९७९ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या वेदरस्पून या साखळीच्या पबमध्ये मोबाइल ॲपवरूनही टेबलावर मागवता येतं. गर्दीच्या वेळी उष्टे पेले टेबलावर राहतात. तेही दुर्लक्ष नव्हे, हात कमी पडतात, एवढंच. पुढच्या वेळी सकाळी नाश्त्याला जा. मद्य घेतलंच पाहिजे असं नाही, चहा-कॉफीही मिळते. मुलाला मात्र वयाचा पुरावा जवळ ठेवायला सांगा. पंचविशीच्या आतला दिसला, तर बिअर देताना बहुधा विचारतील.