कौले बदलू नका, सांधा बदला

प्रश्न : आमच्या मंगळुरी कौलांच्या छपराचा वरचा काठ माडीच्या भिंतीला भिडतो. तिथे दरवर्षी सिमेंट भरतो, तरी गळतेच. कौले बदलावीत का?
— एक वाचक, केशवापूर, हुबळी

उत्तर : फुटलेली नसतील तर कौलांना हात लावू नका. उन्हापावसात लाकडी वासे हलतात, भिंत हलत नाही. मधले सिमेंट तडकते आणि केसाएवढ्या चिरेतून पाणी झिरपते. तिथे जस्ती पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग लावा. कौलांच्या सुमारे १५ सेंमी वर भिंतीत इंचभर खोल खाच पाडून पट्टीची वरची कड खोचा, खाच सीलंटने बुजवा. खालची कड कौलांवरही सुमारे १५ सेंमी उतरवा, पण मोकळी ठेवा. गवंडी तीही हौसेने सिमेंटात गाडतात. शेजारी उभे राहा. ओल्या कौलांवर कुणाला चढवू नका. काम मृगाआधीच उरका.