एसीतील बुरशी आणि बादलीतले पाणी

भिवंडीत आता पुष्कळ घरांत एसी, म्हणजे वातानुकूलन यंत्र, आढळते. वर्षाकाठी मेकॅनिक सर्व्हिसला येतो. तो झाकण काढतो, आत बॅटरीचा झोत टाकतो आणि म्हणतो, "आत बुरशी धरली आहे. साध्या धुण्याने भागणार नाही, केमिकल वॉश करावा लागेल. शिवाय गॅस कमी झालाय." घरातली मंडळी एकमेकांकडे पाहतात आणि काही हजारांचा खर्च कबूल होतो. मेकॅनिक खरे सांगत असेल, नसेलही. पण ते पारखण्यापुरते पदार्थविज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

प्रथम बुरशीचे पाहू. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते नाहीत असे घर सापडणार नाही. त्यांना रुजायला अन्न आणि ओल लागते. अन्न म्हणजे धूळ. यंत्रमागांच्या गावात तर या धुळीत सुताचे बारीक तंतू मिसळलेले असतात, आणि कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, बुरशीचे आवडते खाद्य. राहिली ओल. ती एसी स्वतःच तयार करतो.

कशी, ते आकड्यांनी पाहा. ३० अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते; १२ अंशांची हवा ११ ग्रॅमसुद्धा धरू शकत नाही. जुलैत तापमान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर हवेत दर घनमीटरला जवळजवळ २६ ग्रॅम बाष्प असते. ही हवा एसीच्या १२ अंशांच्या थंड नळ्यांवरून, म्हणजे कॉइलवरून, गेली की १५ ग्रॅम बाष्पाचे पाणी होते. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे केवळ या एका खोलीभर हवेतून अर्धा लिटरहून अधिक पाणी निघाले! त्यात फटींतून नवी दमट हवा येतच राहते. थंड पाण्याच्या पेल्यावर जमणारे दव ते हेच.

गंमत अशी की, हीच ओल मागाला हवीहवीशी वाटते. दमट हवेत कापसाचे सूत मजबूत होते, कमी तुटते. 'एअर कंडिशनिंग' हे नावच मुळी कापडगिरण्यांतून आले. अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर या अभियंत्याने १९०६ मध्ये ते वापरले, तेही गिरणीतील हवा ओलसर करण्याच्या संदर्भात. त्याआधी १९०२ मध्ये विलिस कॅरियर याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तिचा हेतूही आर्द्रता ताब्यात ठेवणे हाच होता. गारवा हा मागाहूनचा लाभ.

तेव्हा यंत्रात पाणी जमणे हा दोष नव्हे. ते साचून राहणे हा दोष. निचऱ्याच्या नळीला उतार नसेल, ती गाळाने तुंबली असेल किंवा खालची तसराळी वाकडी बसली असेल, तर कितीही महागडे रसायन फवारा, बुरशी काही आठवड्यांत परत हजर होते. म्हणून मेकॅनिकला आधी विचारा, "पाणी कुठे साचतंय ते दाखवता का?" आणि बुरशीही दाखवायला सांगा. कोरड्या ब्रशने सहज झडते ती बहुधा धूळ. चिकटून राहिलेले ठिपके, त्यांना येणारा कुबट वास आणि पुसल्यावर पुन्हा उमटणे, ही बुरशीची लक्षणे. ती खरीच असेल तर हयगय नको, विशेषतः घरात दम्याचा रुग्ण असेल तर. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल व बुरशी यांविषयी २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिचाही भर ओल रोखण्यावरच आहे. जाळी मात्र वेळच्या वेळी घरीच धुवावी. त्याला मेकॅनिक लागत नाही.

आता गॅस. हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नाही. बंद नळ्यांत तोच शीतक वायुरूपातून द्रवरूपात आणि पुन्हा वायुरूपात, असा वर्षानुवर्षे फिरतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहेच. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणे.

"पण पावसाळ्यात हवा खरोखरच कमी गार येते की!" असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, आणि खरी खुबी इथेच आहे. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २४५० किलोज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो, तो कॉइललाच शोषून घ्यावा लागतो. तासाला १ लिटर पाणी पडत असेल, तर २४५० किलोज्यूल भागिले ३६०० सेकंद, म्हणजे सुमारे ६८० वॅट शक्ती नुसत्या त्यावर खर्च होते. दीड टनी यंत्राची एकूण उष्मा शोषण्याची क्षमता सुमारे ५३०० वॅट. तिचा हा आठवा हिस्सा झाला. समजा, यंत्रातून सेकंदाला पाव घनमीटर हवा वाहते. मग तासाला पडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे बाहेर येणारी हवा सुमारे २.३ अंशांनी कमी गार होते. यंत्र ठणठणीत असूनही! नुसता हात धरून गॅस कमी असल्याचा निर्वाळा देणारा मेकॅनिक हे पाणी हिशेबात धरत नाही.

जरुरीपेक्षा मोठ्या टनाचा एसी गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याचेही असेच. मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते, हवा कोरडी व्हायला सवडच मिळत नाही. खोली गार, पण दमट राहते.

आता हा प्रयोग करा. निचऱ्याच्या नळीखाली बादली ठेवा. यंत्र अर्धा तास चालू दिल्यावर पुढच्या एका तासाचे पाणी मापाने मोजा. हवा आत शिरते तेथे व बाहेर पडते तेथे तापमापक धरून फरक नोंदवा. जुलैत पाणी भरपूर आणि फरक थोडा कमी असेल, तर चिंता नको. पाणी अगदीच कमी, फरकही कमी आणि कॉइलवर बर्फ दिसत असेल, तर आधी जाळी पाहा. ती स्वच्छ असूनही तसेच राहिले, तर मात्र गळतीची शंका घ्या व मेकॅनिकला बोलवा. एप्रिलच्या दुपारी हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी लिहा. आणि हे सोडवा: तासाला १.२ लिटर पाणी पडत असेल, तर त्यापायी किती वॅट खर्च होतात?