धर्मक्षेत्र कोठे आहे ?

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ जण घाईने वाचून टाकतात. सैन्ये, शंख आणि वीरांची नामावळी यांत आपणांसाठी काय आहे, असे त्यांना वाटते. याउलट काही जण प्रत्येक वीराला एकेक मनोविकार ठरवून मोकळे होतात. दोन्ही मार्गांनी मर्म हाती लागत नाही. रूपक मानावयाचे तर ते ग्रंथाच्याच वचनांवरून घ्यावे, आपल्या कल्पनेने रचू नये, हा नियम पाळणे हिताचे होय.

गीता स्वतः काय सांगते ते पाहू. तेराव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत या शरीरालाच क्षेत्र म्हणतात आणि त्याला जाणणाऱ्यास क्षेत्रज्ञ. क्षेत्र म्हणजे शेत; कर्माचे बी पेरावे तसे फळ त्यात उगवते. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुनाला जो शत्रू दाखविला आहे, तो काम होय. इंद्रिये, मन आणि बुद्धी ही त्याची ठाणी. चौथ्याच्या शेवटी हृदयातील संशय ज्ञानरूपी खड्गाने छेदावयास सांगितले आहे. रणभूमी, शत्रू आणि शस्त्र ही तिन्ही अंतरात असल्याची साक्ष अशी गीताच देते.

आता रथाचा विचार करू. कठोपनिषदात शरीर हा रथ, आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे असे वर्णन आहे. कुरुक्षेत्रावरील रथाचे सारथ्य मात्र स्वतः श्रीकृष्ण करीत आहेत. हा भेद साधकाने नीट ध्यानात घ्यावा. अर्जुनाची बुद्धी मंद नव्हती. कुलधर्माविषयीचे त्याचे युक्तिवाद सुसंगतच दिसतात. परंतु त्यांच्या मुळाशी स्वजनांविषयीची ममता होती. ममतेने ग्रासलेली बुद्धी उत्तम तर्क करते आणि तरीही वाट चुकते. अशा वेळी तिने शिष्यभावाने ईश्वरास शरण जावे, हेच या सारथ्याचे रहस्य.

ही ममता पहिल्याच श्लोकात बोलते. धृतराष्ट्र आपल्या पुत्रांना ‘माझे’ म्हणतो आणि पुतण्यांना ‘पांडूचे’. त्याचे खरे आंधळेपण या एका शब्दात प्रकट झाले आहे. भावाभावांत घराची वाटणी निघते तेव्हा आपल्याही मुखातून हाच शब्द प्रथम बाहेर पडतो. ते कुरुक्षेत्र ओळखण्यास दूर जावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य हवी. युद्ध आतलेच आहे, असे म्हणून बाहेरचे कर्तव्य टाळणे हा गीतेचा विपर्यास होय. अठराव्या अध्यायात मोह गेल्यावर अर्जुन वनात निघून जात नाही. भगवंतांच्या सांगण्याप्रमाणे वागेन, असे तो म्हणतो. अंतर्मुख वाचनाची कसोटी आचरणातच लागते.

म्हणून गृहस्थाने नित्य पाठ संपल्यावर क्षणभर शांत बसून स्वतःस विचारावे : आज माझ्या रथाचे लगाम कोणाच्या हाती होते ? उत्तर प्रामाणिकपणे मिळाले, की त्या दिवसाचा पाठ सार्थकी लागला.