ओले जळण

खारघर आता मोठे शहर झाले आहे. पण शहराला लागूनच खारघरचा डोंगर आहे. डोंगरावर आदिवासींचे पाडे आहेत. पावसाळ्यात तेथील पांडवकडा धबधबा दुरूनही दिसतो.

जुलै महिन्यात आमचे स्काउट पथक डोंगरावर गेले. धबधब्याजवळ जायचे नाही, असे सरांनी आधीच बजावले होते. वाटेत मुसळधार पाऊस सुरू झाला. आम्ही चिंब भिजलो. आमच्यातील सर्वांत लहान मुलगा थंडीने कुडकुडू लागला. त्याला नीट बोलताही येईना. सर त्याला घेऊन पाड्यावरील पहिल्याच घरात शिरले.

घरात एक आजी होत्या. त्यांनी त्याचे ओले कपडे काढायला लावले आणि त्याला गोधडीत गुंडाळले.

"आजी, चहासाठी चूल पेटवू का?" सरांनी विचारले.

"पेटवा की," आजी म्हणाल्या.

आम्ही अंगणातील काटक्या आणल्या. एकामागून एक दहा काड्या ओढल्या. नुसताच धूर झाला.

"आजी, घासलेट आहे का? ओतले की लगेच पेटेल," मी म्हणालो.

"नको रे पोरा! भडका उडेल, हात भाजेल आणि लाकूड ओले ते ओलेच राहील."

आजींनी चुलीवरच्या माळ्यावरून थोड्या सुक्या काटक्या काढल्या. मृगाचा पाऊस येण्याआधीच त्यांनी त्या रचून ठेवल्या होत्या. मग त्यांनी कोयत्याने एक ओले लाकूड चिरले. ते आतून कोरडे होते! त्याच्या बारीक ढलप्या त्यांनी चुलीत ठेवल्या. वर काटक्या रचल्या, पण मध्ये हवेला जागा ठेवली. एकच काडी ओढली आणि फुंकणीने हळूहळू फुंकर घातली. जाळ झाला. मग त्यांनी ओली लाकडे चुलीजवळ शेकत ठेवली.

सर म्हणाले, "आगीला जळण, हवा आणि उष्णता लागते. पाण्याची वाफ 100 अंश सेल्सिअसला होते. लाकूड पेटायला मात्र सुमारे 300 अंश उष्णता लागते. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाणी घालवण्यातच खर्च होते. बारीक, सुकी ढलपी लवकर तापते, म्हणून ती आधी पेटते."

गरम चहा पिऊन आमच्या सोबत्याचे कुडकुडणे थांबले. पण माळ्यावरची मोळी लहान झाली होती, आणि पावसाळा अजून बराच उरला होता. सरांनी अंगणातील लाकडे चिरली. आम्ही ती माळ्यावर रचली.

आजी हसून म्हणाल्या, "आता पुढच्या पाहुण्यांचीही सोय झाली!"

शब्दार्थ
जळण – इंधन
काडी – माचिसची काडी
घासलेट – रॉकेल
ढलपी – लाकडाचा पातळ तुकडा
फुंकणी – चूल फुंकण्याची नळी

स्वाध्याय
1. आजींनी घासलेट का दिले नाही?
2. ओले लाकूड लवकर का पेटत नाही?
3. मुलांनी माळ्यावर लाकडे का रचली?
4. वाक्यात उपयोग करा : चिंब भिजणे, बजावणे, सोय होणे.