समाजमाध्यमांचे विकेंद्रीकरण आणि शासकीय कार्यालये

१० नोव्हेंबर २०२२ रोजी एलाय लिली या अमेरिकन औषध कंपनीच्या नावाने ट्विटरवर घोषणा झळकली की, इन्सुलिन यापुढे विनामूल्य मिळेल. खात्याच्या नावापुढे अधिकृततेची निळी खूण होती. प्रत्यक्षात ते खाते तोतयाचे होते. दरमहा आठ डॉलर भरणाऱ्यास ती खूण देण्याची योजना नुकतीच सुरू झाली होती. खऱ्या कंपनीला दिलगिरी व्यक्त करून खुलासा करावा लागला. पूरनियंत्रण कक्षाच्या किंवा आरोग्य विभागाच्या नावाने असे घडले तर काय अनर्थ ओढवेल, हे जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

त्यापूर्वी दोनच आठवडे, २७ ऑक्टोबर रोजी, एलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले होते. (२०२३ च्या जुलैपासून त्याचे नाव एक्स झाले.) एका मालकाची इच्छा हाच कोट्यवधी लोकांच्या व्यवहाराचा नियम ठरतो, हे पाहून अनेकांनी मॅस्टोडॉनची वाट धरली. डिसेंबरमध्ये ट्विटरने मॅस्टोडॉनकडे नेणाऱ्या दुव्यांवर काही काळ बंदी घातली, तेव्हा त्यांच्या शंकेला पुष्टीच मिळाली.

व्यवस्थेचे स्वरूप

मॅस्टोडॉन ही एक कंपनीची पेठ नव्हे. जर्मनीतील युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये खुले केलेले हे सॉफ्टवेअर कोणतीही संस्था आपल्या सर्व्हरवर बसवू शकते. असे हजारो सर्व्हर परस्परांशी 'ॲक्टिव्हिटीपब' या समान नियमावलीने बोलतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ई-मेलचे उदाहरण घेतल्यास हे सहज उमगेल. शासकीय ई-मेलवरून पाठविलेले पत्र खाजगी कंपनीच्या ई-मेलवर पोचते. त्यासाठी दोघांचा पुरवठादार एक असावा लागत नाही. प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचा चालक ठरवितो, आणि नको असलेल्या सर्व्हरशी संबंध तोडण्याची मुभाही त्याला असते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या चालविणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

शासकीय कार्यालयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट निराळीच आहे. सर्व्हर शासनाच्या स्वतःच्या संकेतनामाखाली असेल, तर खात्याचा पत्ताच त्याच्या खरेपणाची साक्ष देतो. विकतच्या खुणेची गरज उरत नाही. जर्मनीच्या संघीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी आणि पुढे नेदरलँड्सच्या शासनाने सरकारी कार्यालयांसाठी असे सर्व्हर उभारले.

युरोपचा धडा

युरोपीय माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या संस्थांसाठी 'ईयू व्हॉइस' हा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. उद्देश स्तुत्य होता आणि अनेक संस्थांनी खातीही उघडली. तथापि प्रयोगाची मुदत संपत आली तेव्हा सर्व्हरची कायम जबाबदारी घेण्यास दुसरी संस्था पुढे आली नाही. मे २०२४ मध्ये तो बंद करण्यात आला. सुरक्षा, दुरुस्ती, तक्रारींचे निवारण, आक्षेपार्ह मजकुरावर देखरेख ही कामे रोजची असतात. विहीर खोदण्यास गाव जमते, गाळ काढण्यास मात्र माणूस शोधावा लागतो, तोच हा प्रकार होय.

वापरकर्त्यांची ओढही टिकाऊ नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मॅस्टोडॉनचे सक्रिय वापरकर्ते सुमारे २५ लाखांवर गेले होते. जानेवारीच्या आरंभी ते १८ लाखांच्या आसपास आले. भारतातही, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यानंतर, नोव्हेंबर २०१९ मध्ये अशी लाट आली व ओसरली. ज्यांच्याशी बोलावयाचे ती माणसे जुन्याच चावडीवर बसलेली असतात, हे त्याचे साधे कारण.

'लहान' आणि 'विकेंद्रित' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, तेही योग्य नव्हे. 'कू' हे भारतीय माध्यम मराठीसह अनेक भाषांत चालत असे आणि मंत्रालयांनीही तेथे खाती उघडली होती. पण ते एकाच कंपनीच्या हाती होते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करीत असल्याचे जाहीर केले. तेथे जमविलेले वाचक सोबत घेऊन दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती.

ज्या कार्यालयाला स्वतःचा सर्व्हर चालविणे शक्य नाही, त्यास मधला मार्ग उपलब्ध आहे. सूचना प्रथम आपल्या संकेतस्थळावर दिनांकासह प्रसिद्ध करावी व मग तिची प्रत लोक असतील त्या माध्यमांवर द्यावी. मॅस्टोडॉनवर खाते काढल्यास त्याचा दुवा संकेतस्थळावर विहित पद्धतीने ठेवता येतो. तो जुळला की खात्यावर खरेपणाची हिरवी खूण विनाशुल्क उमटते. पुढे सर्व्हर बदलावा लागला तर जुने खाते चालू असेतो अनुयायी नव्या खात्याकडे वळविता येतात. जुना मजकूर मात्र सोबत जात नाही; त्याची प्रत आधीच उतरवून दप्तरी ठेवावी लागते.