तापांतील विश्रांति आणि पोहणारे उंदीर

ताप उतरतो न उतरतो तोंच मैदानावर धांव घेणारे खेळाडू प्रत्येक शाळेंत असतात. “चार दिवस स्वस्थ पडून राहा,” असें वडीलधारीं माणसें सांगतात, आणि हे वीर तिकडे काणाडोळा करतात. परंतु मित्रहो, या उपदेशामागें केवळ माया नसून शास्त्रहि आहे. आणि तें आपणांस उंदरासारख्या क्षुद्र प्राण्यानें शिकविलें आहे.

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील हडसन नदीकाठीं कॉक्सॅकी नांवाचें गांव आहे. तेथील पक्षाघातानें आजारी मुलांच्या मलांतून गिल्बर्ट डॉलडॉर्फ व ग्रेस सिकल्स यांनीं एक नवा विषाणु शोधून काढला व १९४८ सालीं तो शोध प्रसिद्ध केला. हा विषाणु टोचला असतां मोठे उंदीर खुशाल राहत, पण नुकतींच जन्मलेलीं पिलें पंगु होत. विषाणूस गांवाचेंच नांव मिळालें. पुढें त्याच्याच कुळांतील ‘ब’ गटाचे विषाणु मनुष्याच्या हृदयस्नायूंसहि दाह उत्पन्न करतात, असें आढळलें.

रोग्याचें हृदय रोज उघडून पाहतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ तोच रोग उंदरांत मुद्दाम उत्पन्न करून त्याची पावलें तपासतात. त्यांत असें दिसलें कीं, विषाणु प्रथम हृदयाच्या पेशींत शिरून त्यांचा नाश करतो. मग शरीराचे रक्षक, म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी, धांवून येतात. बहुधा शत्रूस हांकून ते परततात. परंतु उंदरांच्या कांहीं जातींत ते परत न फिरतां स्वतःच्याच हृदयावर उलटतात. १९८७ सालीं नॉएल रोझ व त्यांचे सहकारी यांनीं विषाणु मुळींच न वापरतां, हृदयस्नायूंतील मायोसिन हें प्रथिन टोचून अशा उंदरांत हृदयदाह उत्पन्न केला. रक्षकच भक्षक होऊं शकतो, याचा हा पुरावा.

आतां खेळाडूंनीं कान द्यावा. १९७० सालीं गॅटमेटन, चेसन व लर्नर यांनीं ‘ब-३’ विषाणु टोचलेल्या कोवळ्या उंदरांस कोमट पाण्यांत जोरानें पोहावयास लावलें. विश्रांति घेणाऱ्या उंदरांच्या मानानें त्यांच्या हृदयांत विषाणूंची वाढ कित्येक पटींनीं अधिक झाली, आणि हृदयाची हानिहि फार मोठी झाली. जो व्यायाम निरोगी देहास बळ देतो, तोच तेथें शत्रूचा साह्यकर्ता ठरला.

मनुष्य म्हणजे कांहीं मोठा उंदीर नव्हे, आणि प्रत्येक ताप हृदयापर्यंत पोंचतो असेंहि नाहीं. तथापि हृदयदाह झालेल्या खेळाडूस डॉक्टर कित्येक महिने मैदानापासून दूर ठेवतात. तापानंतर छातींत दुखणें, धाप लागणें किंवा धडधडणें जाणवल्यास खेळ थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

त्या उंदरांस पोहणें नाकारण्याची मुभा नव्हती. आपणांस आहे. त्यांनीं प्राण देऊन शिकविलेला धडा आपण चार दिवस अंथरुणांत राहून पाळला, तर तो व्यर्थ गेला असें होणार नाहीं.